दुपारचा मेन स्विच

कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी यायच्या. डिस्कमध्ये चुका असाव्यात, तपासायला हव्यात. तपासणी नको असेल तर कुठलीही कळ दाबा. खाली आकडे उलटे उतरत असायचे. माझे सासरे चहाचा कप बाजूला ठेवून त्या ओळींकडे आदराने बघायचे आणि आकडे संपायच्या आत एंटर दाबायचे. यंत्र काहीही म्हणालं तरी एंटर दाबायचं, एवढं त्यांनी पक्कं धरलं होतं. एखाद्याने रोज सकाळी पोट दुखतंय म्हणावं आणि आपण रोज त्याला बरं बरं म्हणून शेतात धाडावं, तसं हे किती आठवडे चाललं होतं कोण जाणे. मला कळलं तेव्हा यंत्र त्या ओळींच्या पुढे जाईनासं झालं होतं.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर गोव्याच्या किनाऱ्यावरचं, मांद्र्याचं. तिथे आमच्या वाड्यावर आता निम्म्या घरांच्या दारात भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या आहेत, आणि ज्या बांधावरून मी शाळेत गेले तिथे कोणाचं तरी पोहण्याचं तळं आहे. तेव्हा रागाची सवय मी माहेराहूनच घेऊन आले. लग्न होऊन डिचोलीजवळ सर्वणला आले, तर इथेही तिचं काही अडलं नाही.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या तसा ट्रक दारात उभा राहून गंजला, मग विकला. ट्रक गेल्यावर हा माणूस घरात बसून झुरेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण ते घरामागचा डोंगर चढायला लागले. चतुर्थीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली फळं, शेंगा, वेली, पानं टांगायची. ते सामान आणायचं काम घरात पूर्वीपासून बाबांचंच होतं. आता वेळ होता, आणि नवऱ्याने दिलेला एक जुना कॅमेराही होता. चतुर्थीपुरतं चढणारे बाबा बारा महिने चढू लागले. फुलताना एक, फळताना एक, वाळल्यावर एक, असे एकेका झाडाचे फोटो काढत वर्षंच्या वर्षं गेली.

ते फोटो त्यांनी कॉम्प्युटरच्या पहिल्याच पानावर ठेवले, डेस्कटॉपवर. मी सांगून पाहिलं की ही जागा यंत्राच्या स्वतःच्या कामाची, यंत्र बिघडलं की आधी इथलं जातं, आपण दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवूया.

"आंत दवरलें की मेळना, बाय," ते म्हणाले. "मुखार आसूंदी." समोर दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

प्रत्येक फोटोला ते एका बोटाने नाव टंकायचे, आणि नावातच जागासुद्धा, मोठ्या दगडाजवळ, विहिरीच्या वाटेवर, सडा चढताना उजवीकडे, अशी. 'घागऱ्यो, व्हडल्या फातराकडेन.' 'कवंडळ, बांयच्या वाटेर.' 'शेरवडां, सडो चडटना उजव्यान.' कुठे वही नाही, कागद नाही. जे होतं ते त्या नावांत होतं.

मग बाबांचे गुडघे गेले. आणि गुडघ्यांच्या पाठोपाठ डोंगर गेला. आमच्या बाजूचा सगळा उतार कापून तिथे बंगल्यांसाठी प्लॉट पाडले. पहिल्यांदा यंत्रं आली, मग लाल धूळ, मग कुंपण, आणि शेवटी एक पाटी, की सर्व परवानग्या घेतलेल्या आहेत. इतक्या नम्रपणे लिहिलेली पाटी की वाचणाऱ्यालाच चोरट्यासारखं वाटावं. मी पंचायतीत दोनदा जाऊन बोंब मारून आले. तिथे मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बाकी काही दिलं नाही. डोंगराची मागची बाजू तेवढी अजून उभी आहे. आमच्या मागच्या दारातून मात्र आता कापलेली माती दिसते.

बाबा रोज सकाळी चहा झाला की मला म्हणायचे, "डोंगरार वचून येतां," आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसायचे. पाण्याचा तांब्यासुद्धा सोबत न्यायचे, पूर्वी चढताना न्यायचे तसा. एकेक फोटो उघडून बघायचे, पोदेर पाव घेऊन आला तरी उठायचे नाहीत. जेवायच्या वेळेला उठून म्हणायचे, आलो.

म्हणून ज्या सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाय, डोंगर उक्तो जायना," त्या सकाळी, डोंगर उघडत नाही हे ऐकून, मला आधी कोणाचा राग करावा तेच कळेना.

नवरा हरमलला एका हॉटेलात कामाला असतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, जुनाच होता, नवीन घेऊया. मी म्हटलं, फोटोंचं काय? तर म्हणतो, "फोटो कितें गो, इंटरनेटार जाय तितले मेळटात." स्वतःच्या बापाने पाय झिजवून काढलेल्या फोटोंबद्दल माणूस असं बोलतो, आणि मागच्या आवाजावरून कळतं की बोलताना काहीतरी खातोय. मी फोन ठेवला. जास्त बोलले असते तर तो आठवडाभर हरमललाच राहिला असता.

कॉम्प्युटरचा डबा स्कूटरवर पुढे पायांत धरून मी डिचोली गाठली. बाजारातल्या दुकानदाराने डबा उघडला, धूळ फुंकली आणि वैद्याने नाडी बघावी तसा चेहरा केला. मी त्याला पहिल्यांदा एकच गोष्ट सांगितली: बाकी काही करायच्या आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. मी पतसंस्थेत काम करते. आमच्याकडे यंत्र बघायला येणारा माणूस उठताबसता हेच सांगतो, आधी कॉपी, मग दुरुस्ती.

"पयलीं बरो करूंया, मॅडम," दुकानदार म्हणाला. "बरो जालो की कॉपी कितें, आपशींच जाता. बंद कसो करतात हो तुमी?"

मी खरं ते सांगितलं. आमच्या घरी दुपारी जेवण झालं की बाबा मेन स्विच खाली करतात आणि आडवे होतात. सगळं घर निजतं तेव्हा विजेनेही निजावं, असा त्यांचा ट्रकच्या दिवसांपासूनचा नेम आहे. चावी काढल्याशिवाय ट्रक सोडून जायचं नाही, तसंच हे. कॉम्प्युटर चालू असला तर तोही त्यात निजायचा.

दुकानदाराने कपाळावर हात मारून घेतला. मग मला चांगलं व्याख्यान दिलं. डिस्क आत गरगर फिरत असते, तिच्यावर लिहिणं चालू असतं, आणि तुम्ही सरळ मेन काढता. लिहिता लिहिता पाटी ओढून घेतल्यासारखं होतं ते. अशाने चुका राहतात, चुकांवर चुका साठतात. शिकलेल्या बायका तुम्ही, घरच्या माणसांना एवढं सांगता येत नाही? दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं उभी होती, त्यांनीही माना डोलावल्या. मी ऐकून घेतलं. बाबांच्या वतीने मान खाली घालून उभी राहिले, हे मला आजही आठवलं की कान तापतात.

त्याने डिस्कची तपासणी लावली आणि संध्याकाळी यायला सांगितलं. संध्याकाळी गेले तर म्हणाला, झालं नाही, उद्या या. उद्या गेले तर म्हणाला, साठाच्या वर जाऊन अडकतं, पुढे सरतच नाही. परवा तेच. शेवटी त्याने हात झटकले. "डिस्क गेली, मॅडम. पुराच जायना तपासणी. फॉरमॅट मारूंया, नव्यासारको जातलो."

फॉरमॅट मारायचा म्हणजे पाटी पुसायची. ती पुसली की बाबांचा डोंगर दुसऱ्यांदा कापला जाणार, आणि या वेळी परवानगी माझी. मी एक दिवस मागून घेतला, तोवर तपासणी परत लावून बघा म्हटलं. घरी बाबा चहा झाला की सवयीने तांब्या भरायचे, रिकाम्या मेजाकडे बघायचे, आणि तांब्या परत जागेवर ठेवायचे. ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरून सुटी मिळेना म्हणून मी जेवायच्या सुटीत दुकान गाठलं. एक वाजायला आला होता. बाजार शटरं ओढायच्या घाईत होता. आमच्या दुकानदाराने हिशेबाचा खण बंद केला, जनेलाच्या झडपा लावून घेतल्या, चपला पायात सरकवल्या. टेबलावर माझं यंत्र होतं, पडद्यावर तपासणी चालू होती, आणि आकडा साठाच्या पुढे गेला होता. सरत होता. मी दारातून बघत असताना तो एकाने वाढला.

आणि त्या गृहस्थाने भिंतीकडे जाऊन मेन स्विच खाली केला.

पडदा काळा झाला. पंखा गरगरत थांबला. तो शांतपणे किल्ल्या शोधायला लागला.

"चालू होतं ना ते!" मी म्हटलं. माझा आवाज समोरच्या भुसारी दुकानापर्यंत गेला असावा, कारण तिथला माणूस बाहेर आला.

"म्हणून तर मेन काडलो," दुकानदार म्हणाला. त्याला माझ्या ओरडण्याचं खरोखरच नवल वाटलं होतं. "कोण नासतना मशीन चालू दवरप बरें न्हय. दनपारां वोल्टेज वयर-सकयल जाता. आग लागली जाल्यार? चारांक परत लायतां न्हू."

"रोज असंच करता?"

"रोज म्हळ्यार? दनपारां दुकान बंद."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती अशी. सकाळी लावायचं, एक वाजता मेन काढायचा. चारला पहिल्यापासून परत लावायचं, दुकान बंद करताना परत मेन काढायचा. आणि मला सांगायचं की साठाच्या पुढे जात नाही. कशी जाईल? गाडी रोज घाटाच्या मध्यावर बंद पाडायची आणि वर म्हणायचं, इंजिनात दम नाही. माझ्या म्हाताऱ्याला ज्या गोष्टीवरून चारचौघांत नावं ठेवली, तीच गोष्ट हा रोज त्याच डिस्कवर करत होता, आणि तीसुद्धा तिचं दुखणं तपासत असताना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे सगळं मी त्याला सांगितलं, यापेक्षा बऱ्याच लांब वाक्यांत. भुसारी दुकानदार दाराला टेकून ऐकत होता.

आमच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमकां समजना, मॅडम. जेवून मागीर उलोवंया." जेवायची वेळ झाली की या गावात भांडणालासुद्धा शटर असतं. मी डबा उचलला, वायरी गळ्यात घातल्या आणि निघाले. त्याने शटर ओढायला मला थोडं बाजूला व्हायला सांगितलं.

पुढच्या सकाळी मी रजा टाकली. आधी कॉपी घ्यायची तर यंत्र उघडायला हवं, आणि तपासणीशिवाय ते उघडत नव्हतं. कॉम्प्युटर हॉलमधल्या मेजावर मांडला, सुरू केला. काळा पडदा आला, त्या दोन ओळी आल्या, आकडे उलटे उतरू लागले. बाबांचा हात सवयीने एंटरकडे गेला. मी तो वरच्या वर धरला.

"आज काहीच दाबायचं नाही, बाबा. त्याला त्याचं काम करू द्या."

"खंय दाबतां?" ते म्हणाले. "कितें बरयलां तें वाचतालों." काय लिहिलंय ते वाचत होते म्हणे, इंग्रजीत.

तपासणी सुरू झाली. मी स्वयंपाक केला, आम्ही जेवलो, आकडा मुंगीच्या पावलाने चालला होता. जेवण झालं आणि बाबा उठले. हात धुतले, पंच्याने पुसले आणि नेहमीच्या चालीने ओसरीवरच्या स्विचबोर्डाकडे गेले. मी हातातलं ताट तसंच धरून बघत राहिले. त्यांचा हात मेन स्विचवर गेला, आणि तिथेच थांबला. खूप वेळ, म्हणजे मला खूप वाटला इतका वेळ, ते तसेच उभे होते. मग हात काढून घेऊन हॉलमध्ये आले, कदेल ओढली आणि पडद्यासमोर बसले.

"निजा तुम्ही, मी बघते," मी म्हटलं.

"चालू दवरून निजपाक जायना," ते म्हणाले.

या घरात आल्यापासून त्यांना दुपारी जागं मी त्या दिवशीच पाहिलं. डोळे मिटत होते, मान पुढे जात होती, की दचकून परत पडद्याकडे बघायचे. साठ गेले. सत्तर गेले. मधे एकदा आकडा बराच वेळ हलला नाही, तेव्हा त्यांनी मला विचारलं की धक्का मारला तर चालेल का. मी नको म्हटलं.

उन्हं कलल्यावर तपासणी पुरी झाली. पडद्यावर इंग्रजीत वाक्य आलं. मी त्यांना मराठीत सांगितलं: चुका दुरुस्त केल्या आहेत, आणखी काही करण्याची गरज नाही. बाबांनी पडद्याला हात जोडले.

यंत्र उघडलं. डेस्कटॉप आला. डोंगराचं फोल्डर जागेवर होतं. मी ते उघडलं, तर आत काही नव्हतं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. एखाद्याने घर झाडून पुसून लख्ख करावं आणि माणसंही बाहेर टाकून यावं, आणि वर सांगावं की आता काही करायची गरज नाही. मी पतसंस्थेतल्या त्या यंत्रवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, घाबरू नका, तपासणीत सुटे सापडलेले तुकडे यंत्र एका लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकतं. ते कसं दिसतं करायचं ते त्याने सांगितलं. वरून हेही म्हणाला की अर्धवट तपासण्या करकरून कोणीतरी या डिस्कचे फार हाल केलेले दिसतात. मी म्हटलं, तो सध्या निजला असेल.

ते फोल्डर सापडलं. आत ओळीने फायली होत्या, सगळ्या सारख्या. फाइल आणि पुढे आकडा, फाइल आणि पुढे आकडा. एकीच्या नावाची शेवटची अक्षरं बदलून मी फोटोची केली आणि उघडली. हिरव्या पानांत नारिंगी फळांचा, कांगण्यांचा, झुबका दिसला, त्यावर सकाळचं ऊन. बाबांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

फोटो आले होते. नावं गेली होती. एकूण एक. घागऱ्यो नाही, कवंडळ नाही, व्हडला फातर नाही, बांयची वाट नाही. एका बोटाने वर्षानुवर्षं टंकलेलं सगळं पुसून तिथे आकडे घातले होते, कैद्यांना घालतात तसे. आणि याला दुरुस्ती म्हणायचं. मला त्या यंत्राचा, त्या दुकानदाराचा, त्या नम्र पाटीचा, सगळ्यांचा एकदम इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. "यांना लाज कशी वाटत नाही," मी म्हटलं. कोणाला म्हटलं ते मलाही सांगता आलं नसतं.

"कित्याक तापता?" बाबा म्हणाले. "हांव आसतना जालें तें बरें. बरय."

लिही म्हणाले, आणि ते सांगत गेले, मी टंकत गेले. त्या दिवशी, आणि पुढच्या कित्येक सकाळी, पतसंस्थेत जायच्या आधी. फोटो उघडला की नाव यायचं, आणि नावामागोमाग जागा. हरणांचीं फुलां, पाझराच्या वयर. कुड्याच्यो शेंगो, आमच्याच फाटल्या दारातल्यान दिसता थंय, म्हणजे मागच्या दारातून दिसतं तिथे. कधी डोळे मिटून चढ मनात चढून बघायचे, मग सांगायचे. मधेच एकदा म्हणाले, "हांगा आतां तांच्या बंगल्याचें गेट आसा." मी गेट टंकलं नाही. टंकून झालेलं रोजच्या रोज दोन पेनड्राइव्हवर उतरवत होते. एक घरात, एक माझ्या पर्समध्ये.

चतुर्थीच्या आधीच्या रविवारी शेवटची फाइल राहिली होती. ती उघडली तर वर थोडी पानं, एका वेलीचं टोक, आणि मधूनच खाली सगळा सपाट राखाडी रंग. फोटो अर्धाच वाचला होता. बाबा पुढे वाकले.

"ही वाल एकच आशिल्ली," ते म्हणाले. "हेच बगलेक." आणि त्यांनी कापलेल्या बाजूकडे हात करून नाव सांगितलं. आमच्या घरात ते नाव मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"अर्धाच आलाय, बाबा," मी म्हटलं. "खालचं गेलं. काढून टाकू?"

त्यांनी मागच्या दाराकडे बघितलं. दार उघडं होतं.

"दवर, बाय," ते म्हणाले. "डोंगर तरी खंय पुराय उरला."

मी नाव टंकलं, जागा टंकली. एक वाजला होता, जेवणं आधीच झाली होती. बाबा उठून स्विचबोर्डाकडे गेले, आणि तिथे उभं राहून, मी यंत्र नीट बंद करून आवरेपर्यंत थांबले.